निलगिरीची अख्खी गाडी बुक केली त्याचा अनुभव, पैसे थांब्यांसाठी मोजा

फेब्रुवारीत आम्ही ४० जणांनी मिळून निलगिरी माउंटन रेल्वेची स्पेशल गाडी केली, तमिळनाडूत डोंगराच्या पायथ्याच्या मेट्टुपाळ्यमपासून वर उटीपर्यंत, एका दिवसाची, आणि परत आल्यापासून जो तो एकच विचारतोय की रोजची गाडी असताना एवढे पैसे कशाला घातले. प्रश्न बरोबर आहे. रोजची गाडी सकाळी ७:१० ला सुटते आणि दुपारपर्यंत उटीला पोचवते, तिचं तिकीट आमच्या वर्गणीपुढे काहीच नाही, फक्त मिळायला पाहिजे. मी सहा वर्षांपूर्वी त्या गाडीने गेलेय म्हणून दोन्हीतला फरक सांगू शकते आणि पुढं कुणाला ग्रुपने करायचं असेल तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी थोडक्यात हे की पैसे वसूल झाले, पण ज्यासाठी होतील असं वाटलं होतं त्यासाठी नाही. ऑर्गनायझरने माहितीपत्रकात जे जे ठळक छापलं होतं, म्हणजे राखीव सीट, पॅक नाश्ता, गाइड, टोप्या, त्यातलं काहीही नसतं तरी चाललं असतं. खरी चैन एकच होती, गाडी आमच्यासाठी थांबत होती. रोजच्या गाडीत वाटेतल्या हिलग्रोव्ह स्टेशनला उतरून इंजिनाजवळ जाऊन उभं राहावं तोवर शिट्टी होते, की पळत सुटायचं. इथं तसं नाही. ४६ किलोमीटरला रोजच्या गाडीला पाच तासाच्या आसपास लागतात, आम्ही साडेसात तास घेतले आणि एकालाही उशीर झाला असं वाटलं नाही.

आमच्या ग्रुपमध्ये सगळे रेल्वेवेडेच होते असं नाही. दहाबाराजण कट्टर, बाकीचे त्यांच्या घरचे आणि मित्रमंडळी. एक रिटायर्ड काका होते, त्यांची नोकरी घाटात गाड्या चालवण्यातच गेलेली, कर्जत-खंडाळा आणि कसारा-इगतपुरी, आणि दिवसभर ते काय सांगतील ते ऐकायला मी त्यांच्याच मागं होते. कुर्ल्याहून कोइम्बतूरला एक्स्प्रेसने गेलो, रात्री मेट्टुपाळ्यमला मुक्काम केला आणि सकाळी रोजची गाडी निघून गेल्यावर आमची लागली. निळे-क्रीम रंगाचे चार डबे आणि मागं इंजिन. हो, मागं! चढताना या लाईनवर इंजिन गाडी ढकलतं, ओढत नाही. काका लगेच म्हणाले, "अगं हा तर आपला बँकरच, फक्त पुढचं इंजिन काढून टाकलंय." बँकर म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलायला लावतात ते जादा इंजिन, कर्जतला ते लावताना ज्यांनी पाहिलंय त्यांना लगेच कळेल. पण आपला खंडाळ्याचा चढ ३७ ला १ आहे, आणि इथला सगळ्यात कडक चढ १२ ला १, म्हणजे १२ मीटर पुढं गेलात की १ मीटर वर. नुसत्या चाकांच्या पकडीवर एवढा चढ गाडीला जमत नाही, म्हणून रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी टाकलीय. भारतात अशी ही एकच लाईन आहे. माथेरानची गाडीही चढते पण ती नागमोडी वळणं घेत घेत, दात नाहीत तिला.

कल्लारला आमचा पहिला थांबा होता आणि तो आम्ही मुद्दाम सांगून घेतला हे फार चांगलं केलं, कारण दातेरी पट्टी तिथूनच पुढं सुरू होते. सगळे खाली उतरून रुळांजवळ वाकून बघत होते. पट्टी म्हणजे एक नाही, शेजारीशेजारी दोन आहेत आणि एकीचा दात जिथं संपतो तिथं दुसरीचा असतो, त्यामुळं इंजिनाच्या खालचं दातेरी चाक कुठल्याही क्षणी सुटं नसतं, कशात तरी अडकलेलं असतंच. ही रोमन आब्ट नावाच्या स्विस इंजिनिअरची पद्धत. दातांवर काळंकुट्ट ग्रीस, त्यात सुकलेली पानं चिकटलेली, आणि दातांच्या कडा घासून घासून अशा चकचकीत झालेल्या की ऊन पडलं की चांदीसारख्या दिसत होत्या. आमच्यातल्या एका आठवीतल्या मुलाने विचारलं की एक दात तुटला तर, आणि काकांनी त्याला तिथंच बसून दोन्ही पट्ट्यांचा हिशोब समजावून सांगितला, हे रोजच्या गाडीत होऊच शकलं नसतं.

मग गाडी पट्टीवर चढली. अगदी हळू, चालणारा माणूस पुढं जाईल अशी, खालून एक कटकट कटकट झाली आणि त्यानंतर इंजिनाचा आवाजच बदलला. या इंजिनाला चार सिलिंडर आहेत, सपाटीवर त्यातले दोनच काम करतात आणि नेहमीची चाकं फिरवतात, पट्टी लागली की त्या दोघांनी वापरलेली वाफ पुढं दुसऱ्या दोन सिलिंडरांत जाते आणि ते दातेरी चाक फिरवतात. एकच वाफ दोनदा कामाला. पण दोन्ही चाकांचा वेग सारखा नसतो म्हणून ठेकाही सारखा पडत नाही, मधेच जुळतो मधेच सुटतो. काका डोळे मिटून बसले होते, मला वाटलं झोप लागली, तर बोटांनी गुडघ्यावर एका हाताने एक ठेका आणि दुसऱ्या हाताने दुसरा असं धरून बसले होते. म्हणाले, "दोन इंजिनं ऐकू येतायत बघ." मी त्यानंतर कॅमेरा ठेवून दिला आणि बराच वेळ नुसतं ऐकलं.

या पट्टीवर गाडीला ताशी १३ किलोमीटरच्या वर जायची परवानगी नाही, आणि ही पट्टी कल्लारपासून कुन्नूरपर्यंत साधारण २० किलोमीटर आहे, त्यामुळं पोटात एका लयीत ढकललं जाण्याची सवय होऊन जाते. झाडं बदलत जातात, आधी सुपारीच्या बागा, मग दाट जंगल, आणि बोगद्यातनं बाहेर आलं की एकदम पायाखाली दरी. बोगदे सगळे मिळून १६ आहेत. प्रत्येक बोगद्यात पोरं ओरडणार हे ठरलेलं, पहिल्या दोन बोगद्यांनंतर मोठ्यांनीही सुरू केलं.

आता सीटबद्दल, कारण भांडणं इथंच होतात. इंजिन मागं असल्यामुळं सगळ्यात पुढचा डबा म्हणजे बाल्कनी, समोर काहीच नाही, रूळ आणि डोंगर. ऑर्गनायझरने सीट नोंदणीच्या क्रमाने दिल्या होत्या, म्हणजे ज्यांनी आधी पैसे भरले ते दिवसभर पुढं आणि बाकीचे दिवसभर मागं इंजिनाच्या धुरात. आम्ही कल्लारलाच बसून ठरवलं की प्रत्येक थांब्यावर डबे बदलायचे, पुढचे मागं आणि मागचे पुढं. एकानेही कुरकुर केली नाही. आणि गंमत म्हणजे मागच्या डब्यात बसलेल्यांना पुढं जायचंच नव्हतं नंतर, कारण इंजिन त्यांच्या खिडकीच्या मागच्या बाजूला हाताच्या अंतरावर. तुमचा ग्रुप असेल तर हे आधीच ठरवून घ्या, तिथं जाऊन नको.

पुढच्या डब्याच्या पुढच्या उघड्या फळीवर एक ब्रेकमन उभा असतो. ड्रायव्हर मागं, त्याला पुढचं काही दिसत नाही, म्हणून याच्या हातात लाल आणि हिरवा झेंडा आणि याचे डोळे हेच ड्रायव्हरचे डोळे. प्रत्येक डब्यावर असा एकेक माणूस असतो. आमच्या डब्यावरच्या भाऊंना हिंदी थोडीच येत होती आणि आमच्यात कुणाला तमिळ नाही, पण काका त्यांच्याशी अर्धा तास बोलत होते, कसे काय देव जाणे. त्यांनी काकांना दोन्ही ब्रेकचे दांडे दाखवले, एक नेहमीच्या चाकांचा आणि एक दातेरी चाकाचा. दांड्याला जिथं हात लागतो तिथला लोखंडाचा रंग कधीच उडून गेलेला, आणि त्या भाऊंच्या तळहाताला नेमका तिथंच घट्टा. काकांनी आपला हात पुढं केला आणि शेजारी धरला. दोघंही हसले. माझ्याकडं त्याचा फोटो नाहीये, आणि काढायला हवा होता असंही वाटत नाही.

हिलग्रोव्हला आम्ही पाऊण तास होतो. इथं इंजिन पाणी भरतं, आणि माणसं चहा पितात. माकडं भरपूर आहेत आणि ती पिशवी ओळखतात, आमच्या एका मावशींच्या हातातली नाश्त्याची अख्खी पिशवी गेली, तेव्हा खाण्याचं काही हातात धरून उतरू नका. इथंच आम्हाला रनपास्ट मिळाला. म्हणजे सगळ्यांना प्लॅटफॉर्मवर उतरवून गाडी रिकामी मागं खाली नेतात आणि मग पूर्ण जोरात पुन्हा वर आणतात, फोटो-व्हिडिओसाठी. फोटोग्राफरनी रांग लावली, कुणी कुणाच्या पुढं यायचं नाही असं ठरलं. आधी फक्त धूर दिसला झाडांच्या वर, मग आवाज, मग वळणावर पहिल्या डब्याच्या फळीवर तेच ब्रेकमन भाऊ हिरवा झेंडा धरून. डबे एकेक करत समोरून गेले, शेवटी इंजिन आलं आणि प्लॅटफॉर्म पायाखाली थरथरला. मी कितीतरी व्हिडिओ पाहिलेत या गाडीचे. ती थरथर कुठल्याच व्हिडिओत येत नाही.

आता तक्रारी, आणि त्या सगळ्या ऑर्गनायझरबद्दलच्या आहेत, गाडीवरच्या स्टाफबद्दल एकही नाही.

पहिली आणि मोठी. माहितीपत्रकात लिहिलं होतं "वाफेच्या इंजिनाने उटी". प्रत्यक्षात वाफेचं इंजिन कुन्नूरला काढलं आणि तिथून पुढं डिझेल लावलं. रोजच्या गाडीचं तसंच असतं, कारण कुन्नूरनंतर दातेरी पट्टी नाही, चढही त्या मानाने सौम्य, त्यामुळं मला स्वतःला धक्का बसला नाही. पण ग्रुपमधले जे याआधी आले नव्हते आणि ज्यांनी त्या एका ओळीवर विश्वास ठेवून पैसे भरले त्यांचं काय? विचारल्यावर उत्तर मिळालं की "उटीला जाणाऱ्या वाफेच्या गाडीने" असा अर्थ होता. हे चुकीचं आहे, सरळ सरळ चुकीचं आहे, आणि जे आहे ते लिहिलं असतं तरी आम्ही आलोच असतो.

दुसरी, आमच्या डब्यांमध्ये टॉयलेट नव्हतं आणि हे कुणालाही आधी सांगितलेलं नव्हतं. स्टेशनवर सोय आहे, पण आमच्यात सत्तरीच्या पुढच्या पाच जणी होत्या, त्यातल्या दोघींना डायबेटिस. एका आजींनी कल्लारपासून पाणीच प्यायलं नाही, हे मला कुन्नूरला कळलं. चार्टर गाडी आहे, थांबे आपल्या हातात आहेत, मग थांबे ठरवताना हा विचार सगळ्यात आधी व्हायला हवा होता. यावर मी ऑर्गनायझरला लिहून पाठवलंय.

तिसरी बारीक आहे. दोन रनपास्ट सांगितले होते, एकच झाला, समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची होती म्हणून. सिंगल लाईन आहे, हे समजू शकतो. एका पुलाजवळ उतरू दिलं नाही, तेही बरोबरच, तिथं उभं राहायला जागा नाही.

कुन्नूरनंतरचा भाग मला आधीच्या वेळी कंटाळवाणा वाटला होता, डिझेल लागलं की सगळे फोन काढतात. या वेळी तसं झालं नाही. वेलिंग्टन, अरुवंकाडू, मग केट्टीची दरी उघडते आणि लांबवर उतारावर भाज्यांचे चौकोन दिसतात. लव्हडेलला वीस मिनिटं थांबलो. छोटं स्टेशन, उंच झाडं, थंडी अंगाला लागायला लागलेली, मेट्टुपाळ्यमला ३२६ मीटरवर घाम पुसत निघालेली माणसं आता शाली काढत होती. उटी २,२०० मीटरच्या वर आहे. या लाईनची कल्पना पहिल्यांदा १८५४ ला मांडली गेली, काम १८९१ ला सुरू झालं, कुन्नूरपर्यंत गाडी १८९९ ला आली आणि उटीला पोचायला १९०८ उजाडलं, हे गाइडने लव्हडेलच्या बाकावर बसून सांगितलं तेव्हा कुठं आम्हाला आमचे साडेसात तास केवढेसे ते कळलं. युनेस्कोचा दर्जा २००५ चा. गाइड चांगला होता, सतत बोलत नव्हता हा त्याचा मोठा गुण.

कुणाला करायचं असेल तर जानेवारी ते मार्च बघा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडं परतीचा पाऊस जोरात असतो आणि दरडी पडून कल्लार-कुन्नूर मधला भाग बऱ्याचदा बंद होतो, नेमका जो बघायला जायचं तोच. पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी लेखी घ्या, कुठल्या स्टेशनवर किती मिनिटं, वाफेचं इंजिन कुठपर्यंत आणि रनपास्ट किती. जेवणाचा मेनू नाही विचारला तरी चालेल, उटीला उतरून सगळं मिळतं. चाळीसपेक्षा जास्त माणसं घेऊ नका, सीट असल्या तरी, डबे बदलायला आणि खिडकीपाशी यायला जागा राहत नाही.

काकांनी परतीच्या प्रवासात एक्स्प्रेसमध्येच पुढचा बेत मांडला, आता उटीहून खाली यायची गाडी करायची. उतरताना इंजिन खालच्या बाजूला असतं आणि सगळी मेहनत ब्रेकची, त्यांना ते दोन दांडे वापरताना बघायचेत. बारा जणांनी गाडीतच नावं दिली. मी पाचवी आहे, आणि त्या आजीही आहेत, फक्त त्यांनी थांब्यांची यादी स्वतः बनवणार असं सांगितलंय.