चाकूच्या मुठीचं किट: लाकूड एक नंबर, इपॉक्सी मात्र दुसरं घ्या

फुल टँगचं पातं, म्हणजे ज्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जातं ते, त्याला दोन्हीकडून लावायला अक्रोडाच्या दोन पट्ट्या, ६ मिमीच्या पितळी पिना आणि इपॉक्सीच्या, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाच्या, दोन छोट्या ट्यूब, एवढं येतं किटमध्ये. लाकूड खरंच सुंदर आहे. रेषा लांबीत सरळ जातात, कुठे गाठ नाही, आणि दोन्ही पट्ट्या एकाच तुकड्यातून चिरलेल्या आहेत त्यामुळे दोन्हीकडचा रंग जुळतो. शिवाय नीट वाळलेलं आहे, हे मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण ओलसर लाकूड बसवलं की ते पुढे आकसतं आणि मग टँगची, म्हणजे मुठीतल्या पोलादाची, कड बाहेर येऊन तळव्याला टोचत राहते.

पात्याला भोकं आधीच पाडलेली आहेत हेही बरं केलंय, एकदा हार्डन केलेल्या पोलादात साधं ड्रिल बिट चालतच नाही.

तक्रार आहे ती इपॉक्सीची. पाच मिनिटांत घट्ट होणारं दिलंय आणि तेवढ्या वेळात दोन्ही बाजूंना लावायचं, पिना घालायच्या, पट्ट्या सरळ बसल्यात का बघायचं, क्लँप लावायचा, कसं जमणार? वर हे झटपटवालं पाण्यापुढे कमी टिकतं आणि चाकू तर धुतला जाणारच. २४ तासांत सेट होणारं वेगळं घ्या, मी तेच वापरलं आणि जोड दगडासारखा पक्का बसलाय. लावायच्या आधी टँग ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करा, अॅसिटोनने पुसा, आणि क्लँप बेतानेच आवळा, फार दाबलं तर सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि आत काही उरतच नाही.

सोबतच्या कागदावर एक गोष्ट लिहायलाच हवी होती: पट्ट्यांची पात्याकडची टोकं चिकटवायच्या आधीच घासून पूर्ण फिनिश करायची. नंतर तिथे कानस किंवा पेपर फिरवला की पात्यावर ओरखडे पडतात. धारेवर जाड टेप लावूनच कामाला बसा, आणि घासताना मास्क हवाच, लाकडाची बारीक धूळ छातीला वाईट.

फिनिशिंगला मी २२० पर्यंत घासून ओल्या फडक्याने पुसलं, तंतू उभे राहिले ते वाळल्यावर ४०० ने बसवले आणि मग बॉइल्ड लिनसीड ऑइलचे, म्हणजे जवसाच्या तेलाचे, पातळ हात दिले. काय रंग उघडलाय अक्रोडाचा, बघत राहावं असा! तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात, उघडी पसरून वाळवा.

हेच किट स्टॅबिलाइज्ड लाकडातही मिळतं, म्हणजे आत रेझिन मुरवलेलं. चाकू सतत पाण्यात जाणार असेल तर ते घ्या, नाहीतर साधं अक्रोडच घ्या, हाताला जास्त छान लागतं.