डायव्हर घड्याळ जुळवायचंय: जुनं सिको ६३०९ शोधावं की सुटे भाग मागवावेत?

पाणबुड्यांसाठीचं डायव्हर घड्याळ पहिल्यांदाच जुळवत असाल तर नवे सुटे भाग घ्या आणि आत सिकोचंच एनएच३५ मशीन बसवा. चोर बाजारातल्या जुन्या सिकोचा मोह मलाही झाला होता, आजही होतो. पण ते दुसऱ्या घड्याळासाठी ठेवा.

जुन्यात सहसा हाती लागतं ते ६३०९-७०४०. १९७६ पासूनचं, उशीसारखी फुगीर केस (म्हणजे बाहेरचं कवच), चार वाजताच्या बाजूला चावी (म्हणजे फिरवायची गुंडी), १५० मीटरचं. मशीन मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी घेणारं, दणकट; फक्त हाताने चावी देता येत नाही आणि वेळ लावताना सेकंदकाटा थांबत नाही. एवढं चालतं. गोची डायलची असते. डाग पडलेली डायल खरवडून नव्याने रंगवायची आणि घड्याळ ‘ओरिजिनल’ म्हणून खपवायचं, या उद्योगाला जगभरचे संग्राहक ‘बॉम्बे स्पेशल’ म्हणतात. नाव आपल्याच शहराचं, काय बोलणार!

भिंग घेऊनच जा. अक्षरं जाड, तारखेच्या खिडकीची कड खडबडीत, अंधारात चमकणाऱ्या लेपाच्या जागी नुसता पांढरा रंग दिसला की समजा. डायलच्या तळाशी बारीक अक्षरांतला नंबर ६३०९ नेच सुरू व्हायला हवा. मागच्या झाकणावर ६३०९ आणि डायलवर ७००९, म्हणजे सिकोच्याच दुसऱ्या मशीनचा नंबर असेल, तर दोन घड्याळांचं एक झालंय. सिरीयल नंबरचा पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा म्हणजे महिना. दुकानदार १९७७ म्हणतोय आणि नंबर ४ ने सुरू होतोय, तर हसून पुढे व्हा.

एनएच३५ मध्ये ही भानगड नाही. २४ ज्वेल (घर्षण कमी करणारे बारीक खडे), तासाला २१,६०० ठोके, पूर्ण चावी दिल्यावर ४१ तास. चावी हातानेही देता येते, सेकंदकाटाही थांबतो. डायल २८.५ मिमीची, काट्यांची भोकं १.५, ०.९ आणि ०.२ मिमी, ही मापं पाठ करा. सिकोच्या १९६५ च्या ६२मास या डायव्हर घड्याळाच्या धाटणीची केस घेतलीत तर चावी तीनवरच असते, त्यामुळे काम सरळ होतं. चार वाजताच्या चावीच्या केसमध्ये मशीन फिरवून बसतं, म्हणून डायलचे पाय, म्हणजे तिला मशीनवर बसवणाऱ्या मागच्या बारीक खुंट्या, वेगळ्या जागी लागतात आणि तारखेची चकतीही वेगळी लागते, नाहीतर तारीख खिडकीत तिरकी दिसते. बाजारातल्या बऱ्याच डायलना चार पाय असतात, नको ते दोन छाटायचे. मी रात्री अकराला, जेवणाच्या टेबलावर, नको त्यांऐवजी हवे तेच दोन छाटले. एक डायल गेली.

नवे-जुने भाग मिसळताना काट्यांकडे बघा. जुन्या काट्यांवरचा लेप पिवळसर पडलेला असतो, नव्या डायलचा हिरवट-पांढरा. शेजारी शेजारी भयाण दिसतात. काच आणि बेझलची, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याची, रिंग बाहेरची चालते. वॉशर आणि चावीवर मात्र काटकसर नको. आणि डायल कोरी घ्या. नव्या डायलवर सिकोचं नाव छापलेलं असेल तर ती बहुधा नक्कलच.

पाण्याचं म्हणाल, तर जुन्या केसमध्ये वॉशर बसतो त्या खाचेतच गंजाचे खड्डे पडले असतील तर नवा वॉशर घालूनही उपयोग नाही. नव्या केसवर ‘२०० मीटर’ कोरलेलं असलं तरी तुम्ही जुळवलेलं घड्याळ हवेच्या दाबावर तपासून घेईपर्यंत ती नुसती अक्षरंच. पहिल्या पावसात एसी लोकलमध्ये शिरलो आणि माझ्या ६३०९ च्या काचेला आतून वाफ धरली. दादर येईपर्यंत काटे दिसेनासे झाले होते.

एवढं सांगूनही, डाग असलेली पण न रंगवलेली डायल आणि धार न घासलेली केस एकत्र मिळाली तर सोडू नका. डाग राहू द्या. माझं तसलं एक आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते कपाटातच असतं.