हरिश्चंद्रगड, पाचनईमार्गे: पैशांच्या आधी गुडघ्यांची चौकशी करणारा ग्रुप

वय ५३, राहणार डोंबिवली, बँकेत दिवसभर काउंटरवर बसून काम. उजवा गुडघा उतरताना दुखतो, बीपीची एक गोळी चालू आहे. हे आधीच सांगते, कारण या ट्रेकिंग ग्रुपनेही फोनवर सगळ्यात आधी हेच विचारलं.

मला खरं तर हरिश्चंद्रगडाची तोलारखिंडीची वाट करायची होती. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका ग्रुपबरोबर ती माझी अर्धवट राहिली होती. जाहिरातीत 'सोपा ते मध्यम' एवढंच लिहिलेलं. पायथ्याच्या खिरेश्वर गावातून खिंडीपर्यंत ठीक गेले, पुढचा रेलिंग लावलेला कातळटप्पाही चढले. पण तिथून गडावरच्या देवळापर्यंत एकामागून एक टेकड्या आहेत, चढा आणि उतरा, हे कुणी सांगितलं नव्हतं. धुक्यात प्रत्येक टेकडीवर वाटायचं, आता देऊळ आलंच. चौथ्या टेकडीला मांडीत गोळा आला. पुढचे लोक दिसेनासे झाले आणि मागे लीडर नव्हताच. मी आणि आणखी एक बाई तिथून परत फिरलो आणि तोच कातळ, आता ओला, रेलिंगला मिठी मारून उतरलो. ती भीती पुढे कितीतरी महिने अंगात होती.

म्हणून यांना फोन केला तेव्हा 'मध्यम आहे का?' असंच विचारलं. पलीकडच्या मुलाने उत्तर न देता उलट मलाच प्रश्न विचारले. गेल्या तीन महिन्यांत सलग किती तास चाललात? गुडघा चढताना दुखतो की उतरताना? गच्चीच्या कठड्यावरून खाली बघवतं का? मागचा ट्रेक कुठे सोडलात आणि का? वीस मिनिटं बोलला. शेवटी म्हणाला, "ताई, गड तोच करू, पण पाचनईने."

त्याने जे समजावलं ते मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. गडाची समुद्रसपाटीपासूनची उंची बघून आपल्याला काही कळत नाही. आपण कुठल्या गावातून चढायला सुरुवात करतो ते महत्त्वाचं. पाचनई अकोले तालुक्यात, घाटमाथ्यावरचं गाव, म्हणजे बरीचशी उंची गाडीनेच चढलेली असते. बेलपाडा हे गाव खाली कोकणात, गडाच्या सरळ तुटलेल्या कोकणकड्याच्या पायथ्याशी. तिथून नळीच्या वाटेने यायचं तर मोठमोठे धोंडे आणि दोर लावायचे कातळटप्पे पार करत अख्खा दिवस जातो. गड एकच, पण एका वाटेला माझ्यासारखी जाऊ शकते आणि दुसरीला कसलेल्यांनीच जावं. आणि तीच सोपी वाट पावसात वेगळी होते, म्हणून मला नोव्हेंबरची तारीख दिली.

वेळेचा अंदाज काढायची, नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाची रीतही त्यानेच सांगितली. ती १८९२ पासून डोंगरात चालते: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला वर आणखी एक तास. आपलं ऊन, ग्रुप आणि माझा गुडघा धरून त्यात निम्मा वेळ वाढवा, म्हणाला. इतरांना दोन-सव्वादोन तास लागतात तिथे माझे तीन धरले होते. मला तीनला दहा मिनिटं कमी लागली.

प्रत्यक्ष ट्रेकमधली एक गोष्ट मनापासून आवडली. गावात उतरल्यावर लीडरने सगळ्यांच्या बुटांचे तळवे उलटे करून बघितले. मग शाळेजवळच्या उतारावर आम्हाला सहज म्हणून थोडं खालीवर चालवलं. तेव्हा तो माझ्या पायांकडेच बघत होता, हे मला नंतर कळलं. निघताना त्याने मला रांगेत दुसरी घेतलं, अगदी स्वतःच्या मागे. "काकू, तुमच्या चालीने सगळे चालतील." हळू चालणारा माणूस मागे राहिला की तो धापा टाकत पोहोचेपर्यंत पुढच्यांची विश्रांती संपलेली असते आणि त्याला बसायलाच मिळत नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच मी सगळ्यांबरोबर बसून पाणी प्यायले. रांगेच्या शेवटी त्यांची एक मुलगी होती, तिच्या मागे कुणीच नाही.

या वाटेवर कातळाच्या पोटातून जाणारी आडवी वाट आहे, डोक्यावर कडा पुढे आलेला. तिथे पाऊल ठेवायला भरपूर जागा आहे, तरी लीडर दरीच्या बाजूने चालला. वर केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी शाबूत राहिलेल्या एकाच खांबाशेजारी कमरेएवढ्या गार पाण्यात उभी राहिले, आणि मागच्या खेपेचं सगळं मनातून उतरलं. कोकणकड्याच्या काठाला सगळ्यांना पालथं झोपवून, पाय धरून खाली बघू दिलं. सूर्यास्तापर्यंत थांबायचा काहींचा हट्ट होता, पण लीडरने ऐकलं नाही. उतरायला मला जास्त वेळ लागणार हे त्याच्या हिशोबात होतं. त्याने मात्र माझं नाव न घेता "अंधारात उतरायचं नाही" एवढंच सांगितलं. गावात परत आलो तेव्हा उजेड होता. पिठलं-भाकरी उत्तम.

दोन तक्रारी. बस डोंबिवलीहून पाऊण तास उशिरा सुटली. आणि एवढी नीट चौकशी करणाऱ्यांच्या पानावर अजूनही प्रत्येक ट्रेकपुढे 'सोपा', 'मध्यम', 'कठीण' एवढंच आहे. जे फोनवर सांगता ते तिथेही लिहा हो: कुठल्या गावातून, किती तास चढ, किती तास उतार, घसारा (पाय सरकणारी सुटी माती-खडी) कुठे, दृष्टिभय (खाली खोल दिसून वाटणारी भीती) कुठे, पाणी कुठे. फोन करायला बिचकणाऱ्या माझ्यासारख्या खूप बायका आहेत.

माझ्या भाच्याला, वय २४, नळीची वाट करायची होती. तो रोज जिमला जातो. त्यालाही यांनी सरळ होकार दिला नाही. आधी तोलारखिंड स्वतःची सॅक घेऊन, मग एक दिवस दोराचा सराव, मग बघू. तो जरा नाराज झाला, पण डिसेंबरमध्ये तोलारखिंड करून आला आणि शेवटच्या दोन टेकड्यांना पाय थरथरले, असं त्यानेच येऊन सांगितलं.

मी फेब्रुवारीत कळसूबाई विचारलंय. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर, पण मला काळजी बारी गावाकडून जाणाऱ्या वाटेवरच्या लोखंडी शिड्या उतरण्याची. उत्तर आलं: आधी महिनाभर बिल्डिंगचे जिने उतरा, पाठीवर चार किलो घेऊन, आणि गुडघा काय म्हणतो ते कळवा. लिफ्टने वर जाते, सात मजले उतरते, रोज जेवणानंतर. आज अकरावा दिवस.