येझदी 250: इंजिन उघडल्यानंतरचे दहा महिने

काकांची 1982ची येझदी माझ्याकडे आली तेव्हा ती अकरा वर्षं गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. टाकीत गंज, सीटखाली उंदराचं बिऱ्हाड, पण किक मोकळी फिरत होती. टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, ठिणगी पाडणारे पॉइंट घासले आणि चौथ्या किकला सुरू झाली. तो दोन सायलेन्सरचा आवाज ऐकून गल्लीतले दोन-तीन आजोबा आपणहून बाहेर आले. पुढे काय वाढून ठेवलंय याचा कुणालाच पत्ता नव्हता. त्यानंतर एकदा पिस्टन जाम झाला, एकदा पिस्टनभोवतीची रिंग मोडली आणि शेवटी लक्षात आलं की दोन्ही वेळा खरा चोर भलताच होता.

नव्यांसाठी थोडक्यात. ही गाडी म्हैसूरच्या आयडियल जावाची. कारखाना 1996ला बंद पडला. एकच सिलेंडर, 65 मिलिमीटर बोअर (आतला व्यास), 75 स्ट्रोक (पिस्टनची धाव), टू-स्ट्रोक, म्हणजे इंजिनाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, आणि एकाच सिलेंडरला दोन सायलेन्सर. किक आणि गिअरचा दांडा एकच, तोही डावीकडे. 2022मध्ये त्याच नावाने आलेली गाडी पाण्यावर थंड होणारी फोर-स्ट्रोक आहे, तिचा इंजिनातला एकही पार्ट हिला बसत नाही. शोरूममध्ये विचारायला जाऊ नका, मी हसं करून घेऊन आलोय.

पहिली खूण मी चुकवली. गाडी थंड असताना ठीक असायची, पण गरम झाली की रेस आपोआप चढायची. अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन दोन-तीन सेकंद तसंच गुरगुरत राहायचं आणि मग नाइलाजाने खाली यायचं. मला वाटलं, वा, काय मोकळं इंजिन आहे! प्लग काढून बघितला तर चुन्यासारखा पांढरा. काळा नाही म्हणजे चांगलंच, असं समजून परत लावला.

महिन्याभरात रत्नागिरीहून परत येताना आंबा घाटाने हिशेब केला. साखरप्याकडून चढताना दुसऱ्या गिअरमध्ये आवाज बारीक आणि कोरडा झाला, मागून कुणीतरी कॅरिअर धरून ओढतंय असं वाटलं. क्लच दाबेपर्यंत इंजिन जागच्या जागी थांबलं होतं. अर्ध्या तासाने किक सुटली, पण दाबताना आत खरखर लागत होती. घरी आलो ते टेम्पोतून.

मिस्त्रींचं निदान एका वाक्यात झालं. "तेल कमी पडलंय ओ दादा. लिटरला साठ मिली घाला, काय हुत न्हाई." मी इमानदारीत चाळीसचे साठ केले. तेल वाढवलं की त्याच लिटरमध्ये पेट्रोल तेवढं कमी होतं, म्हणजे आधीच हवा जास्त आणि पेट्रोल कमी असलेलं मिश्रण आणखी पातळ होतं, हे कळायला मला पुढचे चार महिने लागले. जाम झालेला पिस्टन हातात धरून तेलाला दोष देणं सोपं असतं. तेल पुरत असूनही पिस्टन का तापला, हा प्रश्न मीही विचारला नाही.

सिलेंडर उद्यमनगरातल्या एका लेथवर 0.50 ओव्हरसाइझला बोअर करून घेतला, म्हणजे आतून अर्धा मिलिमीटर मोठा. बोअर आरशासारखा चकचकीत, मी खूश. पाच आठवड्यांनी टिणटिण आवाज सुरू झाला. एखादं नाणं डब्यात हलवावं तसा, पण रेसबरोबर वाढणारा. दुसऱ्या दिवशी ताकद गेली. हेड, म्हणजे सिलेंडरचं वरचं झाकण काढलं तर पिस्टनचा माथा नुकत्याच टाकवलेल्या पाट्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा, आणि वरच्या रिंगचं टोक गायब.

यात दोष रिंगचा नव्हता. टू-स्ट्रोकच्या सिलेंडरला बाजूने खिडक्या असतात, म्हणजे पोर्ट. बोअर केल्यावर त्या खिडक्यांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. रिंग दर फेऱ्याला तिथून जाताना किंचित बाहेर फुगते आणि कडेला अडते. म्हणून बोअरनंतर कडांची धार मारावी लागते. ती मारलीच नव्हती. दुसऱ्यांदा 0.75ला बोअर करायला दुसऱ्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांनी बारीक दगडाने प्रत्येक पोर्टची कड हाताने मारली आणि सिलेंडर माझ्या हातात दिला. "करंगळी आत घाला आणि फिरवा. नखाला अडलं तर रिंगलाबी अडणार." अडलं नाही. तुम्हीही बोअरचे पैसे देण्याआधी करंगळी घाला, लाजू नका.

रिंगच्या टोकांमध्ये बसणारी बारीक पिन पिस्टनला असते, तीही बघून घ्या. ती ढिली असेल तर रिंग फिरते आणि तिचं तोंड पोर्टसमोर येतं. पिस्टनला खालच्या क्रँकशी (इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी) जोडणारा कनेक्टिंग रॉड बाजूला थोडा हलला तर घाबरू नका, तो हलायलाच हवा. वर-खाली टकटक लागली तर मात्र क्रँकचं काम आहे. माझा रॉड ठीक होता.

रेस आपोआप चढायची खोड मात्र नव्या पिस्टनवरही गेली नव्हती. ती डोक्यात होती, म्हणून या वेळी इंजिन जोडल्यावर सायलेन्सर आणि कार्बोरेटर न लावता आईचं रक्तदाबाचं मशीन उचललं. जुन्या प्लगमधलं चिनीमातीचं काम फोडून त्यात नळी बसवली आणि प्लगच्या जागी आवळली. सायकलच्या ट्यूबचे तुकडे पट्ट्यांखाली दाबून दोन्ही एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरचं तोंड बंद केलं. पिस्टन तळाला आणला, म्हणजे खालच्या क्रँककेसपर्यंत (क्रँक फिरतो त्या कप्प्यापर्यंत) हवेला वाट मिळते. मग फुगा दाबून काटा 250वर नेला. चांगल्या इंजिनात तो जवळपास तिथेच राहायला हवा. माझा काटा बघता बघता 100च्या खाली आला. ब्रशने साबणाचं पाणी लावत गेलो. हेडला काही नाही, सिलेंडरच्या पॅकिंगला काही नाही. उजवीकडचा डायनॅमो उतरवून क्रँकच्या टोकाशी ब्रश लावला आणि तिथे ताकासारखा फेस आला.

क्रँकचं उजवं ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या टोकाभोवतीची रबरी कडी. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. तिथे फट पडली की कार्बोरेटरला न विचारता हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, रेस चढते, प्लग पांढरा पडतो आणि चढावर पिस्टन जाम होतो. डावं सील गेलं असतं तर लक्षणं उलटी दिसली असती. तिकडे क्रँकपासून क्लचकडे जाणारी प्रायमरी चेन तेलात असते, ते गिअर ऑइल इंजिन ओढून घेतं, म्हणजे पांढऱ्या धुराचे लोट आणि दर काही दिवसांनी घटणारी ऑइलची पातळी. माझं डावं सील तेलात भिजलेलं म्हणून तगलं. उजवं अकरा वर्षं कोरडं राहून कडक झालं होतं. दोन्ही सीलचे मिळून 240 रुपये गेले. त्याआधी बोअर, पिस्टन, रिंग, मजुरी आणि टेम्पो यांत साडेअकरा हजार जाऊन बसले होते.

इथे आणखी एक फसगत. जुन्या गाड्यांच्या लोकांना कंपनीच्या काळातला, पाकीट न फोडलेला पार्ट म्हणजे सोनं वाटतं. गिअर, क्रँक, झाकणं यांच्या बाबतीत ते खरं आहे. रबराला मात्र पाकिटातही वय चढतं. मी आधी तसंच एक पिवळ्या पडलेल्या पाकिटातलं सील आणलं होतं, बोटांनी वाकवलं तर सीलचा ओठ (आतली कड) चिरला. रबर नेहमी ताजं घ्या, बेअरिंगच्या दुकानात माप दाखवून.

त्यानंतरचे चार महिने सुरळीत गेले. रेस सोडली की लगेच खाली येते, प्लग चहाच्या रंगाचा झाला, तेल परत चाळीसवर. हल्लीचं इथेनॉलचं पेट्रोलही मिश्रण थोडं पातळ करतं, म्हणून कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं भोक, एक नंबर मोठा घातला. आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होऊ देतो. लिटरला अठ्ठावीस-तीस जाते. गिअरचा दांडा दाबताच क्लच आपोआप सुटतो, ही सोय शहरात अजूनही सुखाची आहे. सहा व्होल्टचा दिवा मात्र देवघरातल्या समईइतकाच, त्यामुळे अंधार पडायच्या आत घरी.

रोज कामाला न्यायला घ्यावी का? दुसरी गाडी दारात असेल तरच. तिसऱ्या गिअरवरून कधीकधी निसटते, ते काम दिवाळीनंतर काढणार आहे. मागच्या रविवारी आंबा घाट पुन्हा चढलो, मुद्दाम दुपारी, दुसऱ्या गिअरमध्ये. आईला मशीन पुसून परत दिलं, पण फुग्याचा टू-टी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलचा वास जाईना. तिच्यासाठी नवीन आणलं, जुनं आता पान्यांच्या डब्यात असतं.