हॉस्पिटलचं मेकॅनिकल काम: एकाच्या हाती द्यावं की वाटून द्यावं?

नाशिकमधलं एक डॉक्टर दांपत्य पन्नास खाटांचं हॉस्पिटल बांधतंय. तळमजला, वर चार मजले, दोन ऑपरेशन थिएटर, एक आयसीयू. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पडायच्या बेतात होता तेव्हा त्यांच्या टेबलावर दोन प्रकारची कोटेशन्स आली. एक पुण्याच्या मेकॅनिकल कंत्राटदाराचं: एसी, डक्टिंग (हवा वाहून नेणारे पत्र्याचे मार्ग), प्लंबिंग, ड्रेनेज, फायर, पंपरूम, सगळं एका ऑर्डरमध्ये. दुसरा मेव्हण्यानं जमवलेला गठ्ठा: एसीवाला वेगळा, प्लंबर वेगळा, फायरवाला वेगळा. गठ्ठ्याची बेरीज बऱ्यापैकी कमी भरत होती. "वरचे पैसे नेमके कशाचे, तेवढं सांगा," असं त्यांनी मला विचारलं.

मी बावीस वर्षं याच कामात आहे. पहिली बारा वर्षं कंत्राटदाराकडे प्रोजेक्ट इंजिनिअर, नंतर मालकाच्या बाजूनं. दोन्ही पद्धतींनी झालेली कामं पाहिली आहेत, दोन्हींत हात पोळलेत. वरचे पैसे मुख्यतः समन्वयाचे असतात. गठ्ठा स्वीकारलात तर ते काम नाहीसं होत नाही, ते तुमच्या अंगावर येतं. ते कुणी करायचं, याचं उत्तर आधी शोधा. दर त्यानंतर बघू.

कॉरिडॉरच्या छतातले पाचशे मिलिमीटर

मजल्यापासून मजल्यापर्यंत ३.६ मीटर. बीमची खोली स्लॅबसकट ६०० मिलिमीटर. म्हणजे बीमखाली उरले ३ मीटर. फॉल्स सीलिंग २.४ मीटरवर हवं. राहिले ६०० मिलिमीटर, त्यातले शंभर सीलिंगच्या फ्रेमला आणि लाइटला. हाती राहतात ५००.

आता आयसीयूकडे जाणारी डक्ट ६०० रुंद, ३०० उंच. वर-खाली २५-२५ मिलिमीटर इन्सुलेशन धरलं की उंची झाली ३५०. उरले १५०. त्याच कॉरिडॉरमधून वरच्या मजल्यावरच्या टॉयलेटची ११० मिलिमीटरची ड्रेनेज लाइन डक्टला आडवी जाते. तिला शंभरास एक उतार द्यायचा, म्हणजे दहा मीटरच्या धावेत ती शंभर मिलिमीटर खाली येते. तिला एकूण जागा लागते २१०. आहेत १५०.

पाण्याच्या दाबाची लाइन वळवता येते, स्प्रिंकलरचा पाइप एल्बो टाकून उचलता येतो, केबल ट्रे कुठेही सरकतो. ड्रेनेजला मात्र उतार सोडता येत नाही. म्हणून छतात पहिला मान ड्रेनेजचा, मग डक्टचा, मग बाकीच्यांचा. इथे डक्ट चपटी करावी लागते: ९०० रुंद, २०० उंच. क्षेत्रफळ तेवढंच, पण घेर १.८ मीटरचा २.२ मीटर झाला. म्हणजे त्या टप्प्यात पत्रा आणि इन्सुलेशन बावीस टक्के जास्त.

हे जास्तीचे पैसे कुणाचे?

एकच कंत्राटदार असेल तर हा वाद त्याच्या ऑफिसातल्या दोन टेबलांमध्ये मिटतो. त्याचा ड्राफ्ट्समन प्लंबिंग, डक्ट आणि फायर अशी तिन्ही ड्रॉइंग एकावर एक ठेवतो, अडचण कागदावरच दिसते, डक्ट चपटी होऊन शॉप ड्रॉइंग (प्रत्यक्ष बसवण्यासाठीचं ड्रॉइंग) येतं. काम वाटून दिलेलं असेल तर अडचण दिसते ती शिडीवर. जो आधी आला त्यानं सोयीची जागा धरलेली असते. बहुतेक वेळा डक्टवाला आधी येतो, कारण त्याचा माल मोठा आणि ठेवायला जागा नसते. मग प्लंबर म्हणतो डक्ट उतरवा, डक्टवाला म्हणतो उतरवायचे आणि पुन्हा चढवायचे पैसे द्या. तुम्ही ओपीडीत पेशंट तपासत असता आणि फोनवर दोघंही तुम्हालाच विचारतात. एकदा अशा भांडणात प्लंबरनं उतारच मारून लाइन सपाट नेली. हॉस्पिटल सुरू झाल्यावर चार महिन्यांत ती तुंबली, आयसीयूबाहेरचं सीलिंग फोडावं लागलं. तो मालक वाईट माणूस नव्हता आणि प्लंबरही नवखा नव्हता. फक्त तिन्ही ड्रॉइंग कुणीच एकत्र पाहिली नव्हती.

चांगला कंत्राटदार दिवसभर करतो काय

मालकांना वाटतं मेकॅनिकल काम प्लास्टरनंतर सुरू होतं. ते सुरू होतं स्लॅबच्या सळईवर. प्रत्येक पाइप जिथून स्लॅब ओलांडणार तिथे काँक्रीट पडण्याआधी स्लीव्ह (नंतर पाइप ओवायला सोडलेली नळी) बसलेली हवी. राहिली तर नंतर यंत्रानं स्लॅबला भोक पाडायचं, कोअर कटिंग, म्हणजे पैसा, धूळ आणि सळई कापली जायची भीती. बीममध्ये तर आरसीसीवाला हात लावू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. नाशिकच्या डॉक्टरांना मी पहिलं हेच म्हटलं: कुणालाही द्या, पण दुसऱ्या स्लॅबआधी स्लीव्हचं ड्रॉइंग कुणीतरी सही करून दिलं पाहिजे.

दुसरं काम मालाचं. चांगल्या इंजिनिअरच्या भिंतीवर एक तक्ता असतो. कोणती वस्तू साइटवर कधी हवी, तिथून उलटं मोजत ड्रॉइंगची मंजुरी कधी, ऑर्डर कधी, अॅडव्हान्स कधी. एएचयू, म्हणजे हवा गार करून, गाळून डक्टमध्ये ढकलणारं यंत्र, हे मोठं धूड असतं, दारातून जात नाही. ते आत जाईपर्यंत एएचयू रूमची एक भिंत उघडी ठेवायची असते. गवंड्याला हे कुणी सांगितलं नाही तर तो भिंत बांधून, प्लास्टर करून मोकळा होतो. एक कंत्राटदार असला की हे सांगणं त्याचं काम. चार असले की कुणाचंच नाही.

तिसरं काम माणसांचं. फिटर, वेल्डर, डक्टवाले बरेचसे उत्तरेकडचे. होळीला आणि दिवाळी-छठला साइट ओस पडते. जाणता कंत्राटदार हायड्रो टेस्टसारखी (पाइपमध्ये दाबानं पाणी भरून गळती बघण्याची) कामं सणाआधी उरकतो आणि मुकादमाशी परतीची तारीख ठरवतो. छोट्या ठेकेदाराची टोळीच आठ जणांची. ती गेली की गेली.

एकाच्या हाती देण्यातला खरा धोका

इथवर वाचून पारडं एकीकडे झुकल्यासारखं वाटेल. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पुण्याजवळच्या एका कामावर आम्ही सगळं एकाला दिलं होतं. माणूस हुशार, ड्रॉइंग सुरेख. दुसऱ्या कुठल्याशा साइटवर त्याचं मोठं आरए बिल (चालू कामाचं टप्प्याचं बिल) अडकलं. आमच्याकडे चौदा फिटर होते, एका सोमवारी चार आले. पाइपचा सप्लायर उधारीवर माल देईना. आम्ही वेळेवर पैसे देत होतो, तरी आमचे पैसे तिकडचं भोक बुजवायला जात होते. पाच आठवडे प्लंबिंग, एसी, फायर सगळं एकदम थांबलं. काम वाटून दिलेलं असतं तर एक भाग थांबला असता, बाकीचे चालू राहिले असते.

हा धोका कमी करता येतो, संपवता येत नाही. बँक गॅरंटीशिवाय मोठा अॅडव्हान्स देऊ नका. प्रत्येक बिल दोघांनी मिळून केलेल्या मोजमापावर द्या. सप्लायरचे पैसे थकले तर तुम्ही थेट त्याला देऊन बिलातून वजा कराल, हे कलम ऑर्डरमध्ये घाला. पाच टक्के रक्कम राखून ठेवा आणि दोषदायित्वाचे, म्हणजे निघालेले दोष कंत्राटदारानं दुरुस्त करून द्यायचे, बारा महिने संपल्यावर सोडा. पाच आठवड्यांचा तो अनुभव गाठीला नसता तर सप्लायरचं कलम मलाही सुचलं नसतं.

पैशांची तुलना करताना

दोन कोटेशन शेजारी ठेवण्याआधी त्यांत काय नाही ते बघा. स्वस्त गठ्ठ्यात बहुधा स्लीव्ह, पाइपचे सपोर्ट, पाइप गेल्यावरची भोकं बुजवणं, एएचयूखालचे काँक्रीट ब्लॉक, वीज पॅनेलपासून मशिनपर्यंतची केबल आणि शेवटचं टेस्टिंग नसतं. प्रत्येक जण ते 'दुसऱ्याच्या स्कोपमध्ये' धरतो. नाशिकच्या गठ्ठ्यात मी हे सगळं भरलं तेव्हा फरक निम्म्याच्या आसपास आला. उरलेला निम्मा फरक खराच होता. तो एकट्या कंत्राटदाराचा देखरेखीचा खर्च आणि नफा.

जीएसटीही बघा. आरोग्यसेवा करमुक्त असल्यामुळे हॉस्पिटलला भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. वर्क्स काँट्रॅक्टवरचे (मालासकट कामाच्या ठेक्यावरचे) १८ टक्के सरळ खर्चात धरा. एखाद्या छोट्या ठेकेदारानं करच दाखवला नसेल तर तो आकडा तुलनेला घेऊ नका. पूर्वी एसी मशिन स्वतः विकत घेतलं तर २८ टक्के लागायचे, म्हणून मशिनसकट ठेका देण्यात फायदा असायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरही १८ टक्के झाले, तो मुद्दा संपला. आता मशिन तुम्ही थेट कंपनीकडून घेऊन फक्त बसवण्याचं काम देऊ शकता. मात्र मग उशिरा आलेल्या मशिनची जबाबदारी तुमची.

दर ठरवण्याची पद्धतही निर्णयात येते. आयटम रेटमध्ये जेवढं बसलं तेवढं मोजून पैसे, म्हणजे वर सांगितलेला चपट्या डक्टचा जादा पत्रा तुम्ही देता. लमसममध्ये, म्हणजे सगळ्या कामाची एकच ठरलेली रक्कम असेल तर, तो कंत्राटदार देतो, पण मग त्याला माल वाचवायचा मोह होतो. मे २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात तांबं टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेलं, तेव्हा लमसम घेतलेले काही जण तांब्याच्या पाइपची ऑर्डर भाव उतरायची वाट बघत लांबवत होते. अर्धी ड्रॉइंग तयार नसताना लमसम घेणारा एकतर अंदाज फुगवतो, नाहीतर नंतर प्रत्येक बदलाला 'एक्स्ट्रा' म्हणतो. तुमची ड्रॉइंग पक्की नसतील तर आयटम रेटच घ्या.

मोह कसा दिसतो, ते बघायचं असेल तर फायरचा पाइप बघा. १०० मिलिमीटरचा 'बी' क्लास पाइप ४.५ मिलिमीटर जाड, 'सी' क्लास ५.४. आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे 'बी'वर निळा पट्टा असतो, 'सी'वर लाल. लांबून दोन्ही सारखेच. आणि फायर लाइनवर लाल रंग मारला की पट्टा कायमचा झाकला जातो. म्हणून माल उतरतो त्याच दिवशी, चलन हातात घेऊन, रंग लागण्याआधी पट्टा बघायचा आणि शंका आली तर कापलेल्या तोंडाला व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावायचा. हे काम मालकाचा माणूसच करू शकतो, मग कंत्राटदार एक असो की पाच.

फायर आणि मेडिकल गॅस

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली फायरचं काम परवानाधारक एजन्सीनंच करायचं, तिनंच फॉर्म 'ए', म्हणजे यंत्रणा नियमाप्रमाणे बसवल्याचा दाखला, द्यायचा. नंतर दरवर्षी जानेवारी आणि जुलैत फॉर्म 'बी', ती चालू स्थितीत असल्याचा. सगळं काम एकाला देत असाल तर परवाना त्याचा स्वतःचा आहे की तो दुसऱ्याचं नाव लावणार, हे आधी विचारा. ज्यानं पाइप बसवला नाही त्याची सही घेऊन ठेवण्यात कुणाचंच भलं नाही, पेशंटचं तर मुळीच नाही.

मेडिकल गॅसच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: ते वेगळं द्या. त्याची तांब्याची नळी तेल-ग्रीस काढलेली लागते, ब्रेझिंग चालू असताना आतून नायट्रोजन सोडावा लागतो, नाहीतर आत काळी खपली धरते आणि ऑक्सिजनबरोबर पुढे जाते. हे रोज करणारी माणसं वेगळीच असतात. फक्त त्यांची लाइन समन्वयाच्या ड्रॉइंगमध्ये आली पाहिजे.

शेवटचा महिना

ऑपरेशन थिएटर २० फूट बाय २० फूट, उंची १० फूट. ४,००० घनफूट. तासाला किमान २० एअर चेंज (खोलीभर हवा वीस वेळा बदलणं), त्यातले ४ बाहेरच्या ताज्या हवेचे, ही एनएबीएचची (हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) अपेक्षा. म्हणजे मिनिटाला साधारण १,३३३ घनफूट हवा आली पाहिजे, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त. मोजणी केली आणि हवा हजारच भरली, असं समजा. डक्ट गळतेय? हेपा फिल्टर (अतिबारीक कण अडवणारी गाळणी) धुळीनं भरला, कारण पीओपीचं काम संपण्याआधीच एएचयू चालवलं? डँपर (डक्टमधली हवेची झडप) अर्धवट बंद? की हवा ठीक आहे पण सीलिंगमधल्या लाइटच्या फटींतून दाब निसटतोय?

वाटून दिलेल्या कामात या प्रत्येक प्रश्नाला वेगळा माणूस आहे आणि प्रत्येकाचं बिल जवळजवळ पूर्ण झालेलं आहे. एकाच्या हाती असेल तर एक फोन, आणि त्याची पाच टक्के रक्कम अजून तुमच्याकडे. मी उद्घाटनाच्या आमंत्रणपत्रिका छापून झाल्यावर थिएटरच्या दारात टिश्यू पेपर धरून बसलेले डॉक्टर पाहिलेत, हवा बाहेर जातेय की आत येतेय ते बघायला. म्हणून एचव्हीएसी (एसी आणि हवा खेळवण्याचं सगळं काम) तुकड्यांत कधीच देऊ नये, असं मी म्हणतो: मशिन, डक्ट, इन्सुलेशन, कंट्रोल, बॅलन्सिंग (प्रत्येक खोलीला ठरलेली हवा लावून देणं) एकाकडेच.

नाशिकला काय ठरलं

त्यांचा एक नातेवाईक निवृत्त इंजिनिअर आहे, पाटबंधारे खात्यातला. तो रोज साइटवर बसायला तयार होता. तसं नसतं तर मी डोळे मिटून 'एकालाच द्या' म्हटलं असतं. माणूस आहे म्हणून मधला रस्ता सुचवला. एचव्हीएसी, प्लंबिंग, ड्रेनेज आणि पंपरूम पुण्याच्या कंत्राटदाराला, आयटम रेटवर. फायर स्थानिक परवानाधारक एजन्सीला, कारण फॉर्म 'बी'साठी तीच दर सहा महिन्यांनी येणार. गॅस वेगळा. पण सगळ्यांच्या लाइन्स एकत्र दाखवणारं समन्वयाचं ड्रॉइंग पुण्याच्या कंत्राटदारानं करायचं, त्याचे पैसे वेगळी ओळ घालून द्यायचे, आणि त्यावर तिघांच्या सह्या झाल्याशिवाय कुणीही छताला पहिलं भोक पाडायचं नाही.

सही करण्याआधी त्यांना कंत्राटदाराच्या चालू साइटवर पाठवलं. पूर्ण झालेल्या नाही, चालू असलेल्या. सांगितलं, शिडी लावून सीलिंगच्या वर डोकं घाला. ड्रेनेजच्या पाइपवर स्पिरिट लेव्हल ठेवा. मग तिथल्या इंजिनिअरकडे मागच्या महिन्याची मोजमापाची वही मागा आणि तिच्यावर दोन सह्या आहेत का बघा. डॉक्टरीणबाई स्वतः शिडीवर चढल्या. लेव्हलचा बुडबुडा मध्यावर नव्हता, उताराच्या बाजूनं जेवढा हवा तेवढा सरकलेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्लीव्हचं ड्रॉइंग मागवलं, स्लॅब आठ दिवस पुढे ढकलला.