स्लॅबला पाणी कोणतं : एसटीपीचं, बोअरचं की नळाचं?

पुण्यात घर बांधायला काढलं की सिमेंट-स्टीलच्या जोडीला पाण्याचा घोळ असतोच. महापालिकेने बांधकामाला मैलाशुद्धीकरण केंद्रातलं, म्हणजे एसटीपीचं पाणी सक्तीचं केलं आहे. बेंगळुरूत मार्च २०२४ च्या टंचाईत बांधकामाला पिण्याचं पाणी वापरल्यास ५,००० रुपये दंड जाहीर झाला होता. त्यामुळे नळाचं पाणी या तुलनेत नावापुरतंच. खरी निवड एसटीपीचा टँकर आणि बोअर यांच्यात आहे, आणि बहुतेक ठेकेदार बोअरच्या बाजूने बोलतात. का, तर ते स्वच्छ दिसतं.

काँक्रीटला मात्र पाण्यात विरघळलेलं काय आहे याच्याशी मतलब. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस ४५६:२००० नुसार, सामू (पीएच) ६ पेक्षा कमी नको. लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं, सल्फेट ४०० च्या आत, सेंद्रिय घटक २०० च्या आत. पाणी कुठून आलं यावरून या मर्यादा बदलत नाहीत.

बोअरचा धोका क्षारांचा. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की तेच पाणी जास्त खारं लागतं. खाडीजवळ तर विचारायलाच नको. क्लोराइडमुळे काँक्रीट लगेच कमजोर होत नाही. सळ्या आतून गंजतात आणि काही वर्षांनी स्लॅबचे पोपडे पडायला लागतात, तेव्हा पाण्याची आठवणही कुणाला नसते. बोअरचं पाणी बांधकामाआधी लॅबमध्ये नेणारे मी फार कमी पाहिले आहेत.

एसटीपीच्या पाण्याचा धोका वेगळा. प्रक्रिया अर्धवट झाली असेल तर त्यात सेंद्रिय पदार्थ, डिटर्जंट आणि फॉस्फेट राहतात. सिमेंट उशिरा सेट होतं, आणि डिटर्जंटमुळे मालात हवेचे बुडबुडे अडकले की ताकद घटते. कुवेतमधल्या २००३ सालच्या एका अभ्यासात दुसऱ्या टप्प्यापर्यंतच (म्हणजे जैविक प्रक्रियेपर्यंतच) शुद्ध केलेल्या पाण्याने काँक्रीटची ताकद वर्षभरानंतरही कमी राहिली आणि सळ्या गंजण्याची शक्यता वाढली. तिसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे त्यापुढे आणखी शुद्ध केलेल्या पाण्याचे ३ आणि ७ दिवसांचे क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) मात्र नळाच्या पाण्याच्या क्यूबपेक्षा सरस निघाले. म्हणून टँकरवाल्याला पहिला प्रश्न हाच : पाणी कोणत्या टप्प्याचं?

आणखी एक. जैविक प्रक्रियेत घाण जाते, विरघळलेलं मीठ जात नाही. त्याला आरओ लागतो. मुंबईत किनाऱ्यालगतच्या गटारांमध्ये समुद्राचं पाणी झिरपतं, तिथे शुद्ध केलेल्या पाण्याचंही क्लोराइड आधी बघावं. पुण्यासारख्या आतल्या शहरात ही भीती बरीच कमी.

आता थोडं गणित. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे साधारण १२ घनमीटर काँक्रीट. घनमीटरला १८० लिटर धरले तर मिश्रणात जेमतेम २,१०० लिटर पाणी जातं. त्याच स्लॅबवर क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, आळी बांधून दोन इंच पाणी साठवायला, एका भरणीतच, ४,७०० लिटर लागतात. वर साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय अ‍ॅश मिसळलेल्याला किमान १० दिवस ते भरत राहायचं. टँकर रिकामे होतात ते क्युरिंगवर, आणि जोखीम मोठी आहे ती मिश्रणातल्या दोन हजार लिटरमध्ये.

म्हणून माझं मत. आरएमसी, म्हणजे प्लँटमधून तयार काँक्रीट मागवणार असाल तर मिश्रणाचं पाणी प्लँटचं असतं. त्यांच्याकडून पाण्याचा रिपोर्ट घ्या आणि क्युरिंग बेधडक एसटीपीच्या पाण्याने करा. फक्त क्लोराइड आटोक्यात हवं आणि उघड्या, न रंगवायच्या काँक्रीटवर डाग पडत नाहीत ना ते एका कोपऱ्यात बघून घ्या. साइटवरच माल कालवणार असाल तर पीसीसी (सळ्या नसलेलं काँक्रीट), वीटकाम आणि गिलाव्याला एसटीपीचं पाणी चालेल. कॉलम-बीम-स्लॅबसाठी दोन्ही पाण्यांचे रिपोर्ट समोर ठेवून ठरवा. बोअरचं क्लोराइड ७०० आणि तिसऱ्या टप्प्याच्या एसटीपीचं १५० आलं, बाकी आकडेही मर्यादेत असले, तर मी एसटीपीचं घेईन. एसटीपीचा रिपोर्टच मिळत नसेल तर तपासलेलं बोअर.

शंका राहिली तर आयएसमध्ये उपाय आहे : तुमच्या पाण्याचे आणि डिस्टिल्ड वॉटरचे १५० मिमीचे किमान तीन-तीन क्यूब टाकायचे. २८ दिवसांनी तुमच्या क्यूबची सरासरी ताकद डिस्टिल्डवाल्यांच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी यायला नको. पहिला सेटिंग टाइम (सिमेंट आवळायला लागेपर्यंतचा वेळ) ३० मिनिटांहून कमी नको आणि दोन्ही पाण्यांत ३० मिनिटांहून जास्त फरकही नको. महिना यातच जातो, तेव्हा पाया खणायच्या आधीच नमुना लॅबला द्या.

एसटीपीचं पाणी हौदात दिवसेंदिवस साठवू नका. त्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ धरतं आणि शेवाळाचं पाणी मालात गेलं की पुन्हा हवा अडकते. साइटवर राहणाऱ्या कामगारांच्या कुटुंबांसाठी पिण्याची टाकी वेगळी ठेवा, आणि एसटीपीच्या हौदावर मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरात लिहा : पिऊ नये.