अंतराळातलं घर आणि आमची १६० फुटांची खोली

लोअर परळ, शनिवार-रविवार, दोन दिवसांची कार्यशाळा. पाचपैकी साडेतीन स्टार.

भाची आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मैत्रिणीने ऐनवेळी टांग दिली, २,८०० रुपये फुकट जायला नकोत म्हणून ती मला घेऊन गेली. विषय असा की अंतराळात माणसांच्या राहण्याच्या जागा कशा आखायच्या आणि त्यातलं पृथ्वीवर काय कामाला येईल. मी लग्न होऊन वरळीच्या बीडीडी चाळीत आले, १६० चौरस फुटांत आठ माणसं. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरच्या चाव्या मिळाल्या, त्यात आम्हीही होतो. म्हटलं, बघू तरी काय शिकवतात.

पाण्याचं सत्र एक नंबर. अंतराळ स्थानकावर माणशी दिवसाला साधारण चार लिटर पाणी. घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं गोळा करून पुन्हा प्यायचं. २०२३ मध्ये हे परत मिळवणं ९८ टक्क्यांपर्यंत गेलं. मला आवडली ती बिघाडाची गोष्ट. २००९ मध्ये लघवी शुद्ध करणारं यंत्र तुंबलं. वजनरहित अवस्थेत हाडं झिजतात, कॅल्शियम लघवीतून अपेक्षेपेक्षा जास्त जातं आणि त्याचा थर आत बसला. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर बसतो ना, तसाच. तिथे गरम हवा वर चढत नाही, म्हणून पंखे सतत चालू. नाहीतर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याचाच उच्छ्वास साचून राहतो.

मग अमेरिकेत ॲरिझोनातलं बायोस्फिअर २, म्हणजे बाहेरची हवा-पाणी न घेता माणसं जगतात का हे बघायचा प्रयोग. १९९१ मध्ये आठ जण दोन वर्षांसाठी काचेच्या बंद इमारतीत शिरले. मातीतल्या जिवाणूंनी ऑक्सिजन खाल्ला, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटने शोषला आणि ऑक्सिजन २१ वरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास आला. बाहेरून सोडावा लागला. हे सगळं छान आकृत्या काढून समजावलं. पण त्याच आठ जणांचे चार-चारचे दोन गट पडले, एकमेकांशी धड बोलेनात, हे एका वाक्यात उरकलं! अहो, खरा विषय तर तिथे होता.

दुसऱ्या दिवशी जमिनीवर टेप लावून चौघांची जागा आखायला दिली. ह्यूस्टनमध्ये चार जण ३७८ दिवस थ्री-डी प्रिंटरने छापलेल्या ज्या घरात मंगळावर असल्यासारखे राहिले, ते १,७०० चौरस फुटांचं होतं, असं शिकवणारी मुलगी म्हणाली. मला हसू फुटलं. ती म्हणाली, "काकू, तुम्हीच सांगा मग."

सांगितलं. खोली एकच, पण सकाळी सहाला मोरीची पाळी, साडेसातला ती स्वयंपाकघर, दुपारी शिलाई मशीन, रात्री दहाला अंथरुणं. सासरे गिरणीत सेकंड शिफ्टला, मध्यरात्री यायचे. त्यांची वळकटी दाराशीच, म्हणजे कुणाला ओलांडायला नको. नव्या जोडप्याला पोटमाळा. हे कुणी कागदावर आखलं नव्हतं, भांडून-भांडून ठरलं होतं. मुलीने पुढचा अर्धा तास सगळ्यांना जागेऐवजी वेळापत्रक मांडायला लावलं, त्याचा अर्धा स्टार जास्त. चाळीचे गोडवे गात नाहीये हं. मजल्यावरच्या संडासाची रांग मी शत्रूलाही देणार नाही.

तक्रारी. पाण्याचा थेंब न् थेंब वाचवा शिकवून झाल्यावर जेवण प्लास्टिकच्या डब्यात आणि पाणी दोनशे मिलीच्या बाटल्यांत. मी अर्ध्या प्यालेल्या एकोणीस बाटल्या मोजल्या. एसी इतका की पदर गुंडाळून बसले. पुठ्ठे भरपूर, फेविकॉल मात्र तीन गटांत एक.

आमच्या गटाने मतदान करून माझी मोरी काढली आणि तिथे 'वेलनेस कॉर्नर' टाकला. मॉडेल सध्या आमच्या फ्रिजवर आहे. सासूबाईंनी चष्मा लावून चारी बाजूंनी पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "भांडी कुठे घासायची गं?"

पुढच्या तुकडीला जाणार असाल तर शाल, डबा आणि फेविकॉल घेऊन जा. शनिवार चुकवू नका.